फडकं, लोटा आणि पाच शेराचं माप

परवा नातीनं माझ्या मांडीला एक पट्टा आवळला. पट्ट्याला नळी, नळीला फुगा. फुगा दाबला की पट्टा आणखी आवळतो. "आजी, आता पाय हळूहळू सरळ कर. तीस वेळा." ती नागपूरला फिजिओथेरपी शिकून आलेली, तेव्हा तिचं ऐकावं लागतं. पंधरा झाले नाहीत तर मांडी पेटली. "हे काय गं नवीन?" मी विचारलं. तर म्हणते, "हो, नवीनच पद्धत आहे. रक्ताचा ओघ थोडा अडवायचा आणि हलक्या वजनानं व्यायाम करायचा. ज्यांना जड उचलता येत नाही, त्यांच्यासाठी."

नवीन! मला इतकं हसू आलं की पोरगी रुसली. अगं ठमे, तुझ्या आईचा जन्म व्हायच्या आधी मी हे केलंय. कोणी शिकवलं नव्हतं, उलट जो तो हसत होता. आणि हौस म्हणून नव्हतं केलं. माझा संसार त्या हातावर टांगला होता. ऐक आता, आणि मधे बोलू नकोस.

महाराष्ट्र होऊन दोनतीन वर्षं झाली असतील. माझं माहेर देऊळगाव राजाकडचं, सासर वडनेर भोलजीपासून दोन कोसांवरचं. जिल्हा एकच, बुलडाणा, पण बोली वेगळी. मी 'मला' म्हटलं की सासू वेडावून दाखवायची, "मला म्हंते थे, मला! मले म्हन!" घरात माणसं मोजून चार. सासू, नवरा, धाकटा दीर आणि मी. मळ्यात वांगी, मिरची, कोथिंबीर. कापसाचा हंगाम लागला की नवरा खामगावला सरकी काढायच्या जिनात कामाला जायचा, पंधरा दिवसांनी एकदा घरी. दीर बिनलग्नाचा, पैलवान. मारुतीसमोरचा गोटा गावात दोघेच खांद्यावर घेत, त्यातला एक हा. बाकी काम कमी आणि दूध जास्त.

दसरा झाल्यावर एकदा नांदुऱ्याच्या बाजाराला निघालो. मी गाडीत वांग्यांच्या पोत्यांवर बसलेली. नाल्यात चाक दगडावर चढलं, गाडी कलली आणि मी खाली. उजवा हात अंगाखाली आला. कोपराच्या खाली हाड मोडलेलं डोळ्यांना दिसत होतं. शेजारच्या गावच्या हाडवैदानं हात ओढून बसवला, बांबूच्या कामट्या बांधल्या आणि गळ्यात अडकवून दिला. दीड महिना तसाच. वैद्याचा हात चांगला होता, हाड सरळ जुळलं, त्याला नाव ठेवणार नाही. पण कामट्या सोडल्या तेव्हा हात बघून मीच रडले. दंड इतका वाळला होता की डाव्या हाताच्या बोटांत मावायचा. भाकरीचा गोळा उचलला तरी हात थरथर कापायचा.

सासूनं पहिले आठ दिवस काही म्हटलं नाही. नंतर सुरू झालं. पाणी कोण आणील, गुरांचं कोण बघील, एका हाताची सून घेऊन काय करू. तिची एक भाची होती, लग्नाची. ती एकदम वारंवार यायला लागली. आली की हंडा उचलून विहिरीवर. सासू मला ऐकू जाईल असं शेजारणीला म्हणे, "पाह्य व, कशी हरणावानी जाते!" मी काय आंधळी होते? पहिली नांदत असताना दुसरी आणायची नाही असा कायदा झाला होता म्हणे. कायदा बुलडाण्यात असेल, आमच्या गल्लीत आला नव्हता.

दिराला मात्र माझी दया आली. माणूस मनानं वाईट नव्हता, फक्त डोकंही त्या गोट्यासारखंच होतं. तेव्हा शेर जाऊन किलो आले होते आणि दुकानदारांची जुनी लोखंडी मापं निकामी झाली होती. हा कुठून तरी पाच शेराचं आणि दहा शेराचं अशी दोन मापं घेऊन आला आणि माझ्यासमोर धाडकन ठेवली.

"वयनी, आजपासून हे उचलाचं. महिनाभरात हात बनवून देतो."

"भाऊजी, मला लोटा उचलत नाही."

"लोट्यानं काई होत नसते. हात जडानंच बनते. लोखंड जेवढं जड, हात तेवढा जड. मी काय लोटे उचलून पैलवान झालो काय?"

झालं, सुरू केलं. रोज सकाळी अंगणात मी आणि ते पाच शेराचं माप. दात ओठ खाऊन उचलायची, दीर समोर उकिडवा बसून "अजून! अजून!" करून ओरडायचा. सासू दारातून बघायची. पाचव्या दिवशी कोपराखाली ठणका लागला. मी सांगितलं तर म्हणे, "दुखते म्हंजे बनून राह्यला." आठव्या दिवशी हात सुजून लाकूड झाला, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. परत हाडवैदाकडे. त्यानं हात बघितला आणि दिराला असा झापला की बाजूचे दोन रोगी उठून बसले. "कच्चं हाड हाय! त्याच्यावर लोखंड लटकवून राह्यला? डोकं हाय का खोकं?" पुन्हा कामट्या, पुन्हा पंधरा दिवस.

येताना घराजवळ आल्यावर दीर म्हणाला, "वयनी, जड उचलता येत नाई म्हंजे मंग... हा हात मेला समजा." त्याला खरंच वाईट वाटलं होतं, हे मला कळत होतं. तरी त्या क्षणी त्याच्या तोंडावर ते माप फेकून मारावंसं वाटलं. हात मेला म्हणे! माझा हात, आणि मेला की जिवंत ते हा सांगणार!

कामट्या दुसऱ्यांदा सुटल्या, तेवढ्यात संक्रांत आली. बायका वाण लुटायला घरी आल्या. माझ्या दोन्ही दंडांत चांदीच्या वाक्या होत्या, लग्नात घातलेल्या. आमच्याकडे वाकी दंडात घट्ट बसलेली असावी लागते. सैल वाकी म्हणजे घरात खायला नाही किंवा बाई रोगट, असा लोकांचा हिशोब. मी वाण द्यायला वाकले, हात खाली केला, तर उजवी वाकी घसरत घसरत आली आणि खळकन बांगड्यांवर आपटली. सगळ्या बायका बघायला लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "अव माय व! पोरीच्या दंडात मांसच नाई राह्यलं!" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सासूचं तोंड कढईच्या बुडासारखं झालं.

बायका गेल्या तशी सासूनं मला आत ओढलं. जुन्या लुगड्याची दोन बोटं रुंद पट्टी टर्रकन फाडली, माझ्या दंडाला चार वेढे दिले आणि वर वाकी सारून बसवली. इतकी घट्ट की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "आता हालली तं सांग. लोकायले तमाशा नाई दाखवाचा." मग पाटावर बसली आणि शांतपणे बोलली. ती ओरडायची तेव्हा मी भ्यायची नाही, शांत बोलली की भ्यायची.

"आखाजीले अजून तीन महिने हायेत. आपल्या घरी पितरायची घागर मोठ्या सुनेनं भरून आणाची रीत हाय. विहिरीवरून, डोक्शावर, कोनाचा हात न लावता. तुह्या हातानं घागर आली तं राह्यशील. नाई आली तं आखाजीले बापासंगं माहेरी जाय, अन् तिकडंच राय. तुले आनाले कोनी येनार नाई."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुली माहेरी जातात, सगळ्याच जातात. घागर पुजायची, पुरणपोळी खायची आणि दुपारी निघायचं. म्हणजे गावाला काही कळलंही नसतं. सून माहेरी गेली, एवढंच. मग पावसाळा लागला असता, पेरण्या झाल्या असत्या आणि कोणी विचारलं नसतं. काय डोकं होतं त्या बाईचं! न्यायाधीश व्हायची ती.

दुसऱ्या दिवशी मी मिरच्या तोडायला गेले. ते फडकं तसंच दंडाला. मिरच्या तोडायच्या आणि पदराच्या ओट्यात टाकायच्या, ह्यात काय कष्ट? पण दोन वाफे होतात न होतात तोच उजवा दंड भरून आला, आतून पेटला. मला वाटलं, पुन्हा हाड गेलं. घाबरून वाकी काढली, फडकं सोडलं. हाताला मुंग्या आल्या, सगळा हात गरम झाला. कोपराखाली चाचपून बघितलं. तिथे काही नव्हतं, सूज नाही, ठणका नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दंड दुखत होता. हे दुखणं मी ओळखलं. ज्यानं शेतात काम केलंय त्याला दोन दुखण्यांतला फरक सांगावा लागत नाही. एक मोडल्याचं असतं, एक कामाचं. कापणीच्या पहिल्या दिवसानंतर मांड्या दुखतात ना, तसं हे होतं. मी अंथरुणावर बसून विचार केला. मिरची तोडून कुणाचा दंड दुखत नाही. डावा दुखला नाही, आणि डाव्यानं तर मी जास्त तोडल्या होत्या. मग उजवाच काऊन? दोघांत फरक काय, तर ते फडकं.

मी काही शिकलेली नव्हते, चौथी. पण एवढं कळायला चौथी पुष्कळ झाली.

त्या दिवसापासून मी मुद्दाम बांधायला लागले. दुपारी सासू आडवी झाली की गोठ्यामागे जायची. वाकी काढून पदराला बांधायची, फडकं दंडाच्या वरच्या अंगाला, काखेजवळ आवळायचं. एक टोक दातात, एक डाव्या हातात. मग पितळी लोट्यात निम्मं पाणी घ्यायचं आणि हात कोपरातून वाकवून वर, खाली. वर, खाली. तीस मोजायचे. थोडं थांबायचं, मग पंधरा. पुन्हा थांबायचं, पुन्हा पंधरा. शेवटचे पाच म्हणजे देव आठवायचा. निम्म्या लोट्यासाठी! कोणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, हिला वेड लागलं.

सुरुवातीला चुकलेही. एकदा रागारागानं इतकं आवळलं की बोटं निळी पडली, पंजा गार झाला आणि लोटा हातातून सुटून पायावर पडला. सासूशी भांडून आलेली, तिचा राग माझ्याच दंडावर काढला. तेव्हा समजलं, फडक्याखाली निदान एक बोट सरकलं पाहिजे, पंजा गरम राहिला पाहिजे आणि काम झालं की लगेच सोडायचं. सोडलं की हातात रक्त धावत यायचं आणि असं बरं वाटायचं की काय सांगू. त्या घरात तेवढीच एक गोष्ट माझ्या बाजूची होती.

महिनाभरानं निम्म्या लोट्याचा भरलेला लोटा झाला. मग लोट्यात पाण्याऐवजी वाळू.

एके दिवशी दिरानं पकडलं. मी वीसवर होते. तो गोठ्याच्या कोपऱ्यात उभा राहून पोट धरून हसायला लागला. "वयनी! हे काय करून राह्यल्या? फडकं बांधून अन् लोटा हालवून कोनी पैलवान झालं काय? उद्या गोटा फोडता काय मंग?"

माझं डोकं सणकलं. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला! याच्या लोखंडानं माझे पंधरा दिवस खाल्ले, आणि हा हसतो! मी लोटा त्याच्यासमोर आपटला. "या भाऊजी. बांधते तुम्हाला. फक्त तीस, मग पंधरा पंधरा. झाले तर उद्यापासून मी तुमचं दहा शेराचं माप उचलते."

गडी तयार झाला. त्याच्या दंडाला फडकं पुरेना, माझ्या पदराची किनार जोडून बांधलं. पहिले वीस हसत झाले. पंचविसाला हसू गेलं. तिसाला नाकपुड्या फुगल्या. थांबून पुन्हा सुरू केलं तर दहाव्याला कपाळावरचा घाम लोट्यात पडला. अकराव्याला त्यानं लोटा खाली ठेवला, फडकं ओरबाडून काढलं आणि दंड चोळत उभा राहिला.

"काय झालं पैलवान?"

"फडकं चुकीचं बांधलं तुम्ही," तो म्हणाला आणि निघून गेला.

पण खरं सांगते, त्यानं सासूला चुगली केली नाही. आणि त्याचंही सगळं खोटं नव्हतं. गोटा खांद्यावर घेणारा हात जडानंच बनतो, लोट्यानं नाही. मी सात जन्म लोटा हलवला असता तरी मारुतीचा गोटा हलला नसता. पण तो शहाणपणा पक्क्या हाडाचा आहे. ज्याचं हाड कच्चं त्यानं काय करायचं, मरायचं? ह्याला त्याच्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडे होतं.

शिमग्याच्या आधी सासूनं फडकं बघितलं. मी सोडायला विसरले होते. तिनं वाकीशिवाय नुसती गाठ बघितली आणि तिच्या मनात भलतंच आलं. तिला वाटलं मी कुणा मांत्रिकाकडून गंडा आणून बांधलाय, तिच्या लेकाला मुठीत ठेवायला. अंगणात उभं राहून तिनं गल्ली गोळा केली. "सोड थो गंडा! आत्ताच्या आत्ता सोड!"

मीही त्या दिवशी मागेपुढे बघितलं नाही. "गंडा? आत्याबाई, तुमच्याच लुगड्याचं फडकं आहे हे! तुम्हीच संक्रांतीला बांधलंत! मांत्रिक असलात तर तुम्ही!" गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सासू आत निघून गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही आणि ते दोन दिवस फार सुखाचे गेले.

शिमग्याला नवरा आला. त्याला मी सरळ विचारलं, "आत्याबाई म्हणतात घागर नाही आली तर मी माहेरी. तुम्ही काय म्हणता?" तो चुन्याची डबी उघडत बसला. मग म्हणाला, "आई म्हंते थे काई उगीच नाई म्हनत. घर चालाले पाह्यजे." मी म्हटलं, "आणि तुमचा हात मोडला असता तर? मी दुसरा नवरा आणला असता का?" असं बोलायची माझी पहिलीच वेळ. त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसा काही बैल बोलला. डबी मिटली आणि बाहेर निघून गेला. त्या दिवशी मला कळलं की माझ्या बाजूनं कोणी उभं राहणार नाही. वाईट वाटलं, खूप वाटलं. गोठ्यामागे जाऊन रडले. रडून झालं आणि फडकं बांधलं.

चैत्रात हाडवैदाकडे एकटीच गेले. त्यानं हात दाबून, पिळून बघितला. "आता पक्कं झालं. उचल काय उचलाचं थे." मग लोट्यावरून बादलीवर आले, बादलीवरून निम्म्या घागरीवर. आता जड चालत होतं, म्हणून जड घेतलं. मी काही लोट्याची शपथ घेतली नव्हती. भर दुपारी विहिरीवर चिटपाखरू नसायचं, तेव्हा जाऊन घागर भरायची, गुडघ्यावर घ्यायची आणि एका दमात डोक्यावर. पहिल्यांदा जमलं तेव्हा अर्धी घागर अंगावर सांडली आणि मी विहिरीच्या काठावर एकटीच खदाखदा हसले. वैशाख लागेपर्यंत भरलेली घागर थेंब न सांडता चढत होती. वाकी फडक्याशिवाय दंडात बसत होती. मी कोणाला बोलले नाही. म्हटलं, आखाजीला सगळ्यांसमोर दाखवीन. नाकावर टिच्चून!

आखाजीच्या आदल्या दिवशी दादा, म्हणजे माझे वडील, मला न्यायला आले. दिवसभर बसनं आलेले, धुळीनं भरलेले. मी पाणी दिलं तर त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं आणि लगेच नजर खाली घातली.

सकाळी मी उजाडायच्या आधी उठले. न्हाले, नवं लुगडं नेसले, डोक्यावर ठेवायची चुंबळ घेतली आणि घागर घ्यायला देवघराकडे गेले. तर घागर जागेवर होती. भरलेली. वर करा, म्हणजे लहान मडकं, ठेवलेला, त्यावर आंबा, गळ्याला सूत गुंडाळलेलं.

सासू चुलीपुढे होती. लुगडं निऱ्यांपर्यंत ओलं. जी बाई दोन वर्षं गुडघ्याच्या नावानं पाटावरून उठत नव्हती, ती पहाटे विहिरीवर जाऊन घागर घेऊन आली होती.

"हे काय आत्याबाई? घागर मी आणणार होते."

"पितरायचं काम हाय. तुह्या हातानं फुटली तं अवशकुन. मीच आणली."

"फुटली नसती. तुम्ही म्हणाला होतात..."

"म्हटलं व्हतं. आता नाई म्हनत. जा, आमरसाचं पाह्य."

मी चुंबळ हातात घेऊन उभी राहिले. कोणीतरी मला विहिरीवर बघितलं होतं आणि तिला सांगितलं होतं, हे उघड होतं. मी घागर आणीन हे तिला पक्कं ठाऊक झालं, म्हणून तिनं घागरच काढून घेतली. म्हणजे हाताचा प्रश्न कधी नव्हताच! तीन महिने मी गोठ्यामागे मरत होते ते कशासाठी? माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की ती घागर तिथेच लाथाडावी. पण पितरांनी माझं काय वाईट केलं होतं? मी आमरस करायला गेले.

दुपारी जेवणं झाली. नवऱ्यानं गाडी जुंपली, नांदुऱ्याच्या स्टँडपर्यंत सोडायला. मी दोन लुगड्यांचं गाठोडं घेऊन बाहेर आले. गल्लीतल्या बायका निरोपाला दारात उभ्या. आणि बघते तर गाडीत माझी पेटी. लग्नात दादांनी दिलेली लोखंडी पेटी, आत सगळी लुगडी, पितळेची भांडी, समई, सगळं. आठ दिवसांच्या माहेराला कोण समई घेऊन जातं?

"पेटी कोणी ठेवली?" मी नवऱ्याला विचारलं.

तो बैलाच्या मानेखालची दोरी सारखी करायला लागला. दोरी सारखीच होती.

मी गाठोडं दादांच्या हातात दिलं, पदर खोचला, चाकावर पाय देऊन गाडीत चढले. पेटीची कडी उजव्या हातात धरली आणि ओढली. करकरत कडेला आली. खाली उतरले, कमरेला खोचलेली सकाळची चुंबळ डोक्यावर ठेवली, खाली बसल्यासारखी झाले. दीर पुढे धावला, "ठेवा वयनी, लय जड हाय, मी..."

"हात लावायचा नाही भाऊजी! लावाल तर उद्या म्हणतील, त्यानंच उचलली."

तो जागच्या जागी थांबला. मग वळून गल्लीलाच म्हणाला, "कोनी हात लावू नका बे!" आणि दोन्ही हात आडवे पसरून उभा राहिला.

उजव्यानं कडी, डाव्यानं बूड. दंडाला एकदम पेट आला, तो ओळखीचा. मी श्वास धरला आणि उठले. पेटी डोक्यावर होती. आत भांडी खणखणली. एक बाई "बाप्पा!" म्हणाली. मी अंगणातून दारापर्यंत गेले. सासू उंबऱ्यात उभी होती, दोन्ही चौकटी धरून.

"सरका आत्याबाई. ओझं आहे डोक्यावर."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग माझ्या हाताकडे. सरकली. मी आतल्या खोलीत जाऊन पेटी होती त्या कोपऱ्यात उतरवली, हळूच, न आपटता. बाहेर येताना म्हटलं, "आठ दिवसांनी येते. तोवर पेटीला कोणी हात लावू नका."

"अन् आनाले कोन येईन तुले?" ती मागून म्हणाली. आवाजात जोर नव्हता.

"कशाला कोणी यायला पाहिजे? हात मोडला होता, पाय नाही. बस येते इथपर्यंत."

गाडी निघाली. नवरा पुढे बैल हाकत होता, मागे वळून बघत नव्हता. मी आणि दादा मागे. नाला ओलांडला, गाव मागे पडलं. मी म्हटलं, "दादा, बघितलंत ना हात? बरा झाला." त्यांनी मान हलवली. मग धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि इतक्या हळू बोलले की चाकांच्या आवाजात मला वाकून ऐकावं लागलं.

"तुझ्या सासूचं कार्ड आलं होतं, पोरी, तुला कायमची घेऊन जा म्हणून. महिना झाला. मी हो म्हणून कळवलं होतं. तुझ्या आईनं मागची खोली सारवून ठेवली आहे."

मी त्यांच्या हातातलं गाठोडं माझ्या मांडीवर घेतलं. मग म्हटलं, "असू द्या. आठ दिवस तिथेच झोपते."